नवीन रंग सापडला म्हणजे नेमकं काय सापडलं?

एप्रिल २०२५ मध्ये बातमी आली की अमेरिकेतल्या बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी असा एक रंग दाखवला जो त्याआधी कोणत्याच माणसानं पाहिला नव्हता, त्याचं नाव ओलो, अन् तो फक्त पाच जणांनी पाहिला. बातमीसोबत एक हिरवट-निळा चौकोन फिरत होता, तो अजूनही अधूनमधून गावच्या ग्रुपवर येते अन् त्याखाली तेच दोन प्रश्न येतात. रंग काय सापडायची वस्तू आहे काय? अन् आजवर कोणी पाहिला नाही म्हणता, मंग हा चौकोन मले कसा दिसून राहिला?

दुसरा प्रश्न एकदम बरोबर आहे. तो चौकोन ओलो नाहीच, मोबाईलवर ओलो दाखवताच येत नाही. काहून येत नाही हे समजलं की रंग म्हणजे काय हेही समजते, म्हणून जरा खालून सुरुवात करू.

प्रकाशाला स्वतःचा रंग नसतो

प्रकाश ही लहर आहे. दोन लाटांच्या माथ्यांमधलं जे अंतर असते त्याला तरंगलांबी म्हणतात, अन् प्रकाशाची तरंगलांबी इतकी बारीक की ती नॅनोमीटरमध्ये मोजतात, म्हणजे एका मीटरचे १०० कोटी भाग केले तर त्यातला एक. रेडिओच्या लहरी, मोबाईलची रेंज, दवाखान्यातला एक्स-रे ही सगळी एकाच जातीची लहर, फरक फक्त लांबीचा. आपल्या डोळ्याला त्यातला जवळपास ४०० ते ७०० नॅनोमीटरचा छोटासा पट्टा तेवढा कळते. ४०० कडं जांभळं, ५३० च्या आसपास हिरवं, ५८० ला पिवळं, ६५० च्या पुढं लाल.

पण "६५० म्हणजे लाल" हे बोलायच्या सोयीसाठी. त्या लहरीत लाल असं काही भरलेलं नसते. न्यूटननं १७०४ च्या ऑप्टिक्स या पुस्तकात हेच लिहून ठेवलं की किरणांना रंग नसतो, आपल्यात रंगाची जाणीव जागवायची ताकद तेवढी त्यांच्यात असते. म्हणजे रंग तयार होण्याचं निम्मं काम डोळ्यात अन् मेंदूत होते, अन् तिथंच सगळी गंमत आहे.

डोळ्यातली एकही पेशी रंग ओळखत नाही

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला दृष्टिपटल नावाचा पातळ पडदा आहे. त्यावर प्रकाश पकडणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी. एक दंडाकार, त्यांना आपण दांड्या म्हणू, त्या एका डोळ्यात १२ कोटींच्या आसपास, त्या अंधारात काम करतात. दुसऱ्या शंक्वाकार, म्हणजे शंकू, त्या ६० लाखांच्या आसपास, अन् रंगाचं काम यांचं. शंकू तीन प्रकारचे. एक आखूड लहरींना जास्त दाद देते, ४२० च्या जवळ. दुसरा मधल्या, ५३० च्या जवळ. तिसरा लांब, ५६० च्या जवळ. आकडे पाठ करू नका, फक्त एवढं पाहा की मधला अन् लांब हे दोघं एकमेकांच्या एकदम शेजारी आहेत, त्यामुळं एकाला जो प्रकाश चालते तो दुसऱ्यालाही बराचसा चालते.

आता खरी अडचण. शंकू मेंदूला एकच गोष्ट कळवू शकते, "मला एवढा प्रकाश मिळाला". कोणत्या तरंगलांबीचा मिळाला हे त्याला सांगताच येत नाही. ५३० चा थोडासा प्रकाश अन् ६०० चा भरपूर प्रकाश, मधल्या शंकूकडून दोन्हीचा निरोप एकसारखाच जाईल.

ज्यांच्याकडं दूध डेअरीला जाते त्यांना हे लगेच समजेल. नुसता लॅक्टोमीटर बुडवून दूध घेतलं तर काय होते, पाणी टाकलं की डिग्री उतरते, अन् मलई काढून घेतली की डिग्री चढते, म्हणून मलई काढून मग बेतानं पाणी टाकणाऱ्याची डिग्री शुद्ध दुधाएवढी येते. आकडा एक अन् त्यामागं कारणं दोन. म्हणून डेअरीवर फॅटही काढतात, अन् डिग्री अन् फॅट शेजारी शेजारी ठेवले की दुधाचं काय केलंय ते कळते. डोळाही हेच करते. तीन शंकूंचे तीन आकडे घेते अन् त्यांची एकमेकांशी तुलना करते. लांबवाल्याला मधल्यापेक्षा जास्त मिळालं तर लालाकडं, मधल्याला जास्त तर हिरव्याकडं. आखूडवाल्याला बाकी दोघांपेक्षा जास्त मिळालं तर निळ्याकडं, कमी तर पिवळ्याकडं. ही जी तुलना, तिच्या निकालालाच आपण रंग म्हणतो. लालसर-हिरवा असा रंग कोणाच्या कल्पनेतही येत नाही तो यामुळंच, कारण लाल-हिरव्याचा काटा एका वेळी एकाच बाजूला झुकते.

मोबाईलमध्ये पिवळा नाहीच

डेअरीवर फॅट अन् डिग्री दोन्ही जुळवून आणणारा भेटला तर मशीन पुन्हा फसते. डोळ्याचंही तसंच, फक्त इथं आकडे तीन. दोन प्रकाश आतून कितीही वेगळे असू द्या, तिन्ही शंकूंचे आकडे जुळले की डोळ्याला ते तंतोतंत एकच दिसतात. तुमचा टीव्ही अन् मोबाईल याच एका गोष्टीवर चालतात.

करून पाहा. मोबाईलवर पिवळ्या झेंडूचा फोटो उघडा, स्क्रीनवर पाण्याचा एक बारीक थेंब ठेवा अन् थेंबातून जवळून पाहा. पिवळं कुठंच सापडणार नाही. लाल ठिपके पेटलेले, हिरवे पेटलेले, निळे जवळपास विझलेले. पूर्ण स्क्रीनमध्ये या तीन प्रकारच्या ठिपक्यांशिवाय चौथं काही नाही. खऱ्या झेंडूवरून ५८० च्या आसपासचा प्रकाशही येते, स्क्रीनवरून त्याऐवजी लाल अन् हिरव्याचं मिश्रण येते, पण शंकूंचे आकडे तेच पडतात म्हणून आपल्याला झेंडू दिसते.

राणी कलरची तर याहून मोठी गोष्ट आहे. लग्नाच्या बस्त्यात राणी कलरची साडी नाही असं घर आमच्या इकडं सापडणार नाही, अन् या रंगाची तरंगलांबीच नाही. इंद्रधनुष्यात शोधा, मिळणार नाही. आखूड अन् लांब शंकू दोघंही जोरात अन् मधला मात्र मंद, असा निरोप गेला की मेंदू राणी कलर दाखवते. एवढा ठसठशीत रंग अन् बाहेरच्या जगात त्याचा म्हणून एकही किरण नाही, हे मला आजही थक्क करते.

मग ओलो काय आहे?

आता ओलो दोन मिनिटांत समजेल. मधला शंकू दोघांच्या मधी अडकलेला आहे. कोणताही प्रकाश त्याच्यावर पडला की लांबवाला नाहीतर आखूडवाला, कोणीतरी सोबत जागा होतेच. माणूस जन्मल्यापासून त्याच्या मेंदूला "फक्त मधला जागा, बाकी दोघं झोपलेले" असा निरोप कधी गेलेलाच नसते, कारण तसा निरोप पाठवणारा प्रकाशच निसर्गात नाही.

बर्कलीच्या लोकांनी काय केलं, एकेका माणसाच्या दृष्टिपटलाच्या छोट्याशा भागाचा नकाशा काढला, त्यातला कोणता शंकू कोणत्या प्रकारचा हे एकेक करून ओळखलं, अन् डोळा जसा बारीक बारीक हलते तसा त्याचा पाठलाग करत फक्त मधल्या शंकूंवर लेझरचे अतिशय बारीक झटके मारले. लेझर साधाच होता, नवीन प्रकाश शोधला नव्हता. नवीन होता तो मेंदूला मिळालेला निरोप. पाहणाऱ्यांनी सांगितलं की पूर्ण चंद्राच्या दुप्पट एवढा ठिपका नजरेच्या जरा बाजूला दिसला, हिरवा-निळा, पण इतका गडद की त्याच्याशी जुळवायला त्यात पांढरा प्रकाश मिसळून तो फिका करावा लागला तेव्हा कुठं नेहमीचा सगळ्यात शुद्ध हिरवा-निळा जवळ आला. ग्रुपवरचा चौकोन म्हणजे त्या फिक्या केलेल्याचाही अंदाज.

हा खरंच नवीन रंग म्हणायचा का, की जास्त गडद हिरवाच, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. मला विचाराल तर नाव काहीही द्या, प्रयोगाची किंमत तेवढीच राहते, कारण रंग हा शंकूंच्या तुलनेतून होते हे यात सरळ शंकूंना हात घालून दाखवलंय.

मग पऱ्हाटीचं पान हिरवं नाही काय?

हा आक्षेप येणारच. सगळं मेंदूत होते म्हणता तर बाहेर काहीच नाही का?

आहे ना. पानातलं हरितद्रव्य लाल अन् निळा प्रकाश खाते अन् मधला बराचसा परत फेकते, हे तुम्ही पाहा न पाहा होतच राहते. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, पानं लाल पडायचा लाल्या आला की पानातलं हरितद्रव्य कमी होते, लाल द्रव्य वाढते, फेकला जाणारा प्रकाश बदलते. पऱ्हाटीचं फूल पाहा, पहिल्या दिवशी दुधी-पिवळसर उमलते अन् दुसऱ्या दिवशी त्याच झाडावर गुलाबी होऊन मिटलेलं असते, पाकळीत नवीन द्रव्य तयार झालं म्हणून. हे बदल खरे आहेत, वावरातले आहेत. पण परत फेकलेल्या प्रकाशाला "हिरवं" म्हणणं हे मात्र तीन शंकूवाल्या प्राण्याचं काम. पान अर्धी गोष्ट सांगते, उरलेली डोळा पुरी करते.

अन् या दोघांच्या मधी एक तिसरा आहे, ज्याच्याकडं आपलं लक्षच नसते.

दुकानात एक, अंगणात एक

तालुक्याच्या दुकानात घेतलेली मोरपंखी साडी घरी अंगणात उघडली की वेगळीच दिसते अन् बायामाणसं म्हणतात दुकानदारानं बदलून दिली. बहुतेक वेळा त्यानं काही केलेलं नसते. सूर्याच्या प्रकाशात सगळ्या लांबीच्या लहरी भरपूर असतात. दुकानातला पांढरा एलईडी म्हणजे आत निळा दिवा अन् त्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या पावडरीचा थर, दोन्ही मिळून पांढरं वाटते, पण त्यात काही लहरी भरपूर अन् काही अगदी कमी. साडीकडं जे आलंच नाही ते साडी परत कुठून फेकणार? ब्लाऊज पीस दुकानात जुळते अन् उन्हात जुळत नाही तेही याच्यानंच, म्हणून मॅचिंग नेहमी दाराबाहेर उजेडात नेऊन पाहावं, चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

खरं तर आश्चर्य याचं वाटायला पाहिजे की रंग याहून जास्त बदलत नाहीत. सकाळचं ऊन, भर दुपार, ढगाळ आभाळ, प्रत्येकाचा प्रकाश वेगवेगळा, तरी आपल्याला मिरची लालच दिसते, कारण मेंदू आजूबाजूच्या सगळ्या गोष्टींवरून उजेड कसा आहे याचा अंदाज लावते अन् तेवढा वजा करते. अंदाज चुकला की माणसं भांडतात, फेब्रुवारी २०१५ मध्ये एका ड्रेसच्या फोटोवरून जगभर जे झालं, कोणाला निळा-काळा, कोणाला पांढरा-सोनेरी, ते हेच, ड्रेस निळा-काळा होता पण फोटोत उजेड कुठून आहे हे कळत नव्हतं.

शेजारचा रंगही ओढून घेते. संत्री लाल-केशरी जाळीच्या पिशवीत भरलेली तुम्ही पाहिली असतील. जाळीचे लाल धागे फळाच्या रंगात मिसळल्यासारखे दिसतात अन् जरा हिरवट असलेलं संत्रंही पिकलेलं वाटते. जर्मनीतल्या गीसेन विद्यापीठाचे कार्ल गेगेनफुर्टनर यांनी २०२४ मध्ये यावर लिहिलंय. घ्यायच्या आधी एक संत्रं जाळीबाहेर काढून पाहिलेलं बरं.

भंडारा-गोंदियाकडच्या धानवाल्यांना हे सगळं एका प्लास्टिकच्या पट्टीत मिळालंय. पान रंग तक्ता, त्यावर फिक्या ते गडद हिरव्या पट्ट्या असतात, धानाचं पान त्याला लावून युरिया द्यायचा की नाही ते ठरवतात. वापरायचे नियम पाहा, उन्हाकडं पाठ करून आपल्या अंगाच्या सावलीत पान मोजायचं, रोज एकाच वेळेला, अन् होता होईल तो एकाच माणसानं. पान, उजेड अन् डोळा, तिघांपैकी दोघं पक्के केले की तिसऱ्यातला बदल कळते.

रातच्याला रंग कुठं जातात?

शंकूंना उजेड भरपूर लागते. अंधार झाला की ते थांबतात अन् दांड्या काम घेतात. दांडीचा प्रकार एकच, तुलना करायला दुसरं कोणी नाही, म्हणून चांदण्यात सगळं राखाडी. दांड्यांना ५०० च्या आसपासचा प्रकाश चांगला कळते अन् लाल जवळपास कळतच नाही. अंगणातल्या लाल जास्वंदीकडं दिवेलागणीला लक्ष द्या, दुपारी पानांतून उठून दिसणारं फूल आधी काळं पडते अन् पानं त्यामानानं उजळ राहतात. एकोणिसाव्या शतकात पुर्किंजे नावाच्या चेक शास्त्रज्ञानं हे टिपलं.

हरभऱ्याच्या वावरात जागलीला जाणाऱ्यांसाठी यातल्या दोन गोष्टी फार कामाच्या आहेत. दांड्या पूर्ण तयार व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात अन् एकदा भक्क बॅटरी डोळ्यासमोर आली की ती तयारी उतरते, पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळं मचाणावर बसल्यावर बॅटरीच्या काचेला लाल जिलेटिन कागद लावलेला बरा, लाल उजेडानं दांड्यांना फारसा धक्का बसत नाही. पायवाटेनं चालताना मात्र साप-विंचवासाठी भरपूर पांढरा उजेडच पाहिजे, तिथं काटकसर नको. दुसरं म्हणजे, नजरेच्या अगदी मधोमध फक्त शंकू आहेत, दांडी एकही नाही. अंधारात काही हललं तर त्याच्याकडं सरळ न पाहता जरा बाजूला पाहा, रोही आहे की रानडुक्कर ते लवकर कळेल.

दांड्यांमधलं प्रकाश पकडणारं द्रव्य 'अ' जीवनसत्त्वापासून बनते. ते कमी पडलं की रातांधळेपणा येते, म्हणून लहान पोट्ट्यांना नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी जो डोस देतात तो चुकवू नका.

एवढा भडक वाघ चितळाला दिसत काहून नाही?

ताडोबात जिप्सीतून आपल्याला वाघ लांबून केशरी दिसते, अन् चितळ त्याच्या एवढं जवळ येईपर्यंत चरत कसं राहते? कारण चितळाकडं शंकू दोनच प्रकारचे. आपला मधला अन् लांब असे जे दोन आहेत त्या जागी त्याचा एकच, मग लाल-हिरव्याची तुलना करणार कोण? त्याला केशरी अन् हिरवं सारख्याच रंगात दिसते, वाघाचं अंग बांबूच्या झाडोऱ्यात मिसळून जाते अन् काळे पट्टे सावल्यांत. २०१९ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी कॉम्प्युटरवर हे तपासून दाखवलं. वाघ सरळ हिरवाच का झाला नाही म्हणाल तर सस्तन प्राण्यांच्या केसात हिरवं द्रव्य बनतच नाही, काळं-तपकिरी अन् लालसर-पिवळं एवढंच बनते.

आपला बैलही दोन शंकूवाला. लाल कापड पाहून बैल बिथरते हे खरं नाही, तो हलणाऱ्या गोष्टीनं बिथरते. वानराकडं मात्र आपल्यासारखे तीन शंकू आहेत. झाडावरून त्याला खालचा वाघ दिसते अन् ते खेकसते तेव्हा चितळं पळतात. उंचीचा फायदा त्यात आहेच, पण केशरी ओळखणारा डोळाही आहे.

किडींचं आणखी वेगळं. पांढरी माशी पिवळ्या चिकट सापळ्यावर येते कारण तिच्या डोळ्याला तो पिवळा म्हणजे खूप उजळ पान वाटते, अन् फुलकिडे निळ्यावर जास्त येतात. सापळ्याचा रंग आपल्यासाठी नाही, तिच्या डोळ्यासाठी निवडलेला आहे.

ज्या माणसाला लाल-हिरवं वेगळं कळत नाही

काही माणसांत मधला नाहीतर लांब शंकू जन्मतःच नसते किंवा बिघडलेला असते. याला रंगांधत्व म्हणतात, अन् लोकांना वाटते अशा माणसाला सगळं काळं-पांढरं दिसत असेल. तसं नसते. निळं-पिवळं त्याला चांगलं कळते, नजर तीक्ष्ण असते, फक्त लाल, हिरवं, तपकिरी, केशरी यांत घोटाळा होते. जॉन डाल्टन, अणूवाला, याला ते होतं, त्यानं १७९४ मध्ये स्वतःबद्दल लिहिलं. त्याच्या इच्छेप्रमाणं मेल्यावर डोळे तपासले अन् जपून ठेवले, अन् १९९५ मध्ये त्यातल्या डीएनएवरून कळलं की त्याचा मधला शंकू नव्हता.

या शंकूंचं जनुक एक्स गुणसूत्रावर असते. मुलाला एक्स एकच, तो आईकडून, म्हणून दोष पोरांत जास्त दिसते अन् पोरींत फार कमी. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत १२ मागं एकाला असते. घरात ओळखायचं असेल तर बापाकडं पाहू नका, मामाकडं अन् आईच्या वडिलांकडं पाहा. पोरगा पानं तपकिरी रंगवते म्हणून शाळेत मार खाते, त्याला कोणीतरी रंगीत ठिपक्यांतून आकडा ओळखायचा तक्ता दाखवायला पाहिजे. डोळ्यांच्या डॉक्टरकडं तो असते, पाच मिनिटांचं काम आहे. यावर गोळी-औषध नाही, पण माहीत असलं की माणूस सांभाळून घेते, अन् २०२० पासून सौम्य अन् मध्यम रंगांधत्व असलेल्यांना गाडीचं लायसन्सही मिळू शकते.

माझा जीव सगळ्यात जास्त अडकते तो फवारणीच्या बाटलीपाशी. बाटलीवर टोकावर उभा केलेला एक चौकोन असते, त्याचा खालचा त्रिकोण रंगीत. लाल म्हणजे अतिशय विषारी, मग पिवळा, मग निळा, अन् हिरवा सगळ्यात कमी. ज्याला लाल-हिरवं कळत नाही त्याच्यासाठी सगळ्यात धोक्याचा अन् सगळ्यात कमी धोक्याचा रंग सारखे दिसू शकतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं जी माणसं गेली त्यानंतर या कामातली कोणतीही गोष्ट बारकी समजायची माझी तयारी नाही. तर वरच्या त्रिकोणात पाहायचं. लालावर कवटी अन् हाडं असतात अन् पॉयझन लिहिलेलं असते, पिवळ्यावर कवटी नसते पण पॉयझन असते, निळ्यावर डेंजर, हिरव्यावर कॉशन. ही अक्षरं बहुतेक इंग्रजीत अन् बारीक असतात, वाचता येत नसतील तर दुकानातच वाचून घ्या, अन् मजुराच्या हाती पंप देण्याआधी त्यालाही ती बोट ठेवून दाखवा.